तो तारा बेथलेहेमचा आहे

'ले बो-द-प्रोव्हांस या दक्षिण फ्रान्समधल्या गावाच्या मानचिन्हातला तारा म्हणजे नुसती शोभा' असं कुणी म्हणतं, ते मला पटत नाही. फ्रेंच मानचिन्हांत तारा सहसा पाच टोकांचा असतो. इथे लाल ढालीवर सोळा किरणांचा रुपेरी तारा आहे, आणि त्यामागे कारण आहे. या गावावर सत्ता असलेल्या बो घराण्याचे सरदार स्वतःला बाल्थाझारचे वंशज म्हणवत. ताऱ्याच्या मागोमाग बाळ येशूच्या दर्शनाला गेलेल्या तीन ज्ञानी राजांपैकी तो एक. ही वंशावळ अर्थातच दंतकथा, पण त्या लोकांनी ती छातीशी धरली होती. घराण्याच्या ब्रीदवाक्यातही बाल्थाझारचंच नाव आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो. १४२६ मध्ये घराण्याची शेवटची वारस आलिक्स वारली आणि घराण्याची इथली शाखा संपली, पुढे १६३० च्या दशकात फ्रान्सचा मुख्यमंत्री रिशल्यू याच्या काळात त्यांचा किल्लाही पाडला. तारा मात्र गावाने सोडला नाही. तिथल्या सँ-व्हँसां चर्चमध्ये नाताळच्या मध्यरात्री धनगर येशूला कोकरू अर्पण करतात. इवलंसं कोकरू, दिव्यांनी सजवलेली छोटी गाडी आणि ती ओढणारा मेंढा! हे दृश्य डोळ्यांसमोर आणा आणि मग तो तारा पुन्हा बघा.