तान्ह्या बाळाला सेवो (सेवोफ्लुरेन, भुलीचा गॅस) देताना बीपी आणि हृदयाचा रेट का पडतो?

रेसिडेंट_परळ
पुढच्या महिन्यात लहान मुलांच्या ओटीत पोस्टिंग आहे. तीन महिन्यांचं, 5 किलोचं बाळ, मास्कवर सेवो 8 टक्के. झोपल्यावर गॅसचा डायल कधी खाली आणायचा? बीपी पडतो तो हृदय मंदावल्याने की रक्तवाहिन्या सैलावल्याने?

भूल_दादर
दोन्हींमुळे. सेवोमध्ये रक्तवाहिन्या सैलावण्याचा भाग मोठा, हॅलोथेन या जुन्या गॅसमध्ये मात्र हृदयाचं आकुंचनच ढिलं पडतं. तान्ह्या बाळाच्या हृदयपेशीत कॅल्शियमचा साठा तोकडा, त्यामुळे भिस्त बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर. हे गॅस नेमकी तीच वाट अडवतात. स्ट्रोक व्हॉल्यूमही (एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त) फारसा वाढत नाही. रेट पडला की आउटपुट (हृदय मिनिटाला पुढे ढकलतं ते रक्त) पडलाच. 140 चा 100 होताना दिसला की हात डायलकडे जायला हवा, अलार्मची वाट बघू नका.

खरा घोटाळा होतो हाताने श्वास देण्याची बॅग हातात घेतल्यावर. बाळ स्वतः श्वास घेतं तोवर भूल खोल गेली की श्वास उथळ होतो आणि गॅस आपोआप कमी जातो. आपण बॅग दाबू लागलो की ही राखण संपली. म्हणून आधी डायल 3-4 वर, मग बॅग. या वयात मॅक (निम्म्या रुग्णांना चिरेवर हलू न देणारं गॅसचं प्रमाण) 3 टक्क्यांच्या आसपास असतो, मोठ्या मुलांत 2.5. शिरेत लाइन लागून फेंटानिल (वेदनाशामक) दिलं की आणखी खाली या.

पेडकार्डिॲक_ताई
दोन मुलं वेगळी धरा. डाउन सिंड्रोममध्ये सेवोवर रेट हमखास घसरतो, रेट वाढवणारं ॲट्रोपीन भरून ठेवा. फॅलोज या जन्मजात हृदयदोषात सिस्टेमिक रेझिस्टन्स (शरीरातल्या रक्तवाहिन्यांचा अवरोध) उतरला की उजवीकडचं रक्त डावीकडे जातं आणि बाळ निळं पडतं. अशा वेळी रक्तवाहिन्या आवळणारं फेनिलेफ्रिन हाताशी हवं. रक्ताच्या याच आडवाटेमुळे (शंट) गॅसने झोपही उशिरा लागते, म्हणून घाईने डायल चढवू नका.

हॅलोथेन जिथे अजून असेल, तिथे सर्जनने ॲड्रिनलिनवाला लोकल (जागा बधिर करणारं औषध) टोचण्याआधी सांगायलाच हवं. कार्बन डायऑक्साइड चढलेला असला तर व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक्स (हृदयाचे अवेळी, चुकीचे ठोके) येतात.

रेसिडेंट_परळ
रेट पडलाच तर? आणि लाइन नसेल तर?

भूल_दादर
आधी एअरवे बघा, रेट पडण्यामागे हायपॉक्सिया सर्वांत जास्त वेळा असतो. डायल शून्य, 100 टक्के ऑक्सिजन, फ्लो वाढवा, नाहीतर सर्किटमधला गॅस जातच राहतो. ॲट्रोपीन 20 मायक्रोग्रॅम प्रति किलो: 0.6 मिलिग्रॅमचा ॲम्प्यूल 6 मिलीत पातळ करून या 5 किलोच्या बाळाला 1 मिली. बीपीसाठी 50 मिली रिंगर (सलाईनसारखं द्रव). लाइन नसेल तर ॲट्रोपीन मांडीत, पण असर सावकाश येतो. रेट 60 च्या खाली आणि परफ्यूजन (अवयवांना रक्तपुरवठा) खराब असेल तर छातीवर कॉम्प्रेशन सुरू, नडगीच्या हाडात इंट्राऑसियस (हाडातून औषध देण्याची) सुई, आणि एकास दहा हजार ॲड्रिनलिन 0.5 मिली.