प्रतिसाद: सीपरसाद नायपॉल

वर कोणीतरी लिहिलंय की कादंबरीकार व्ही. एस. नायपॉलचे वडील सीपरसाद म्हणजे फक्त त्याच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' कादंबरीतल्या नायकाचं मॉडेल. हे जरा अन्यायाचं वाटतं हो. सीपरसाद (१९०६-१९५३) स्वतः पत्रकार होते, १९२९ पासून कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या 'त्रिनिदाद गार्डियन' या वर्तमानपत्रात लिहायचे, तेही ऊसमळ्यांवरच्या गिरमिटियांच्या (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या) समाजातून आलेला माणूस इंग्रजी पेपरात! १९३३ मध्ये गुरांमध्ये रेबीजची साथ आली, सरकार म्हणे लस टोचा, काही हिंदू शेतकरी मात्र कालीला बोकड कापत होते. यांनी बातमीत त्याला अंधश्रद्धा म्हटलं, आणि धमकीचं पत्र आलं की तूही बळी दे नाहीतर मरशील. आधी उडवून लावलं पण शेवटी द्यावा लागलाच आणि वर त्याचीही बातमी छापून आली, आर्य समाजाच्या सुधारणावादी विचारांकडे झुकलेल्या माणसाची काय हालत झाली असेल बघा. पुढे मानसिक तोल ढळला, नोकरीही सुटली, काही वर्षांनी परत पेपरात आले. १९४३ मध्ये 'गुरुदेवा'च्या कथा छापल्या, त्याही पदरमोड करून. लंडनमधल्या प्रकाशकाने त्या काढल्या १९७६ मध्ये, म्हणजे ते जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर. बिस्वास वाचला असेल तर आता 'गुरुदेवा' पण मिळवून वाचाच.