सीना नदीवरचा अरुंद पूल रुंद होऊ शकतो का?

आमच्याकडं दक्षिण सोलापुरात रस्ता नवा झाला, चांगला रुंद, पण पूल जुनाच ठेवलाय, एकच गाडी जाईल एवढा. ऊस तोडणी सुरू झाली की दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुलावर अन् समोरून एसटी, मग कुणी मागं घ्यायचं? कठडे पण तुटलेत, रात्री लय भीती वाटते. आहे तोच रुंद करता येत नाही का?

> दादा, सिंगल लेन म्हणजे ३.७५ मीटर, दोन लेनला ७ मीटर लागतात. वरचा स्लॅब वाढवला तरी खालचे खांब आणि पाया तेवढ्या वजनाला केलेले नसतात, म्हणून बहुतेक वेळा शेजारी नवा पूल बांधतात आणि जुना तपासून एका बाजूच्या वाहतुकीला ठेवतात.

> जुना ठेवायचा तर नीट तपासूनच ठेवा हो. २०१६ ला महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, एसटीसकट माणसं गेली.

> नवा होईल तेव्हा होईल, आत्ता निदान रिफ्लेक्टर, अरुंद पुलाचा बोर्ड आणि कठडे तरी मागा, ग्रामसभेत ठराव करून बांधकाम विभागाला द्या, पोच घ्या. आणि ट्रॉलीला मागं रेडियम लावा राव, कारखाना सुरू व्हायच्या आधीच.