जळका पंखा: रिवाइंडिंग करून घ्यायचा की नवा बीएलडीसी आणायचा?

मंगळवार पेठेतून
हॉलमधला पंखा गेल्या आठवड्यात जळला. रात्री करपल्याचा वास आला आणि जागेवर थांबला. बावीस वर्षांचा आहे, पण पाती सरळ, बॉडी शाबूत, बेअरिंगचाही आवाज नाही. इथं कोल्हापुरात उद्यमनगरात दाखवला तर रिवाइंडिंगचे, म्हणजे मोटरीतली जळकी तार काढून नवी भरायचे, साडेचारशे सांगितले. नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा पंखा, दुकानात २८०० ला आहे. सासरे म्हणतात दुरुस्त करून घे, मुलगा म्हणतो नवाच आण. माझं मत सासऱ्यांच्या बाजूचं आहे. चांगली वस्तू मोडीत घालून वर २३५० रुपये जास्त का मोजायचे? कुणाला वेगळं वाटत असेल तर हिशेबासकट सांगा.

रुईकर कॉलनीतून
ताई, मी तुमच्या मुलाच्या बाजूनं. तुम्ही पंख्याची किंमत बघताय, विजेची बघा. जुना पंखा फुल्ल स्पीडला ७५ ते ८० वॉट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. फरक ५० वॉट धरा. दिवसाला बारा तास लावला तर ०.६ युनिट वाचतं, महिन्याला १८. आपल्याकडं पावसाळ्यातले आणि थंडीतले गार महिने सोडले तरी आठ महिने पंखा फिरतोच, म्हणजे वर्षाला १४४ युनिटं. आणि वाचलेलं युनिट नेहमी बिलाच्या वरच्या टोकाचं असतं. तुमचं बिल शंभर युनिटांच्या वर जात असेल तर ते महागड्या स्लॅबमधलंच वाचणार. दहा रुपयांनी धरलं तरी १४४० झाले. दोन उन्हाळ्यांत फरक वसूल.
रात्रभर फिरलेल्या जुन्या पंख्याच्या बॉडीला सकाळी हात लावून बघा, चांगली गरम लागते. ती तुमची वीज. साध्या मोटरीत रोटरमध्ये चुंबकत्व तयार करायलाच वीज खर्च होते, बीएलडीसीत कायमचे चुंबक असतात. इन्व्हर्टर असेल तर बॅटरीही जास्त वेळ पुरते.

उद्यमनगरातून
वीस वर्षं वायंडिंग करतोय, माझं पोट यावर आहे हे आधी सांगतो. तरीपण ऐका. वरचा हिशेब बरोबर आहे, पण कार्ड गेल्यावरचा खर्च त्यात धरलेलाच नाही. बीएलडीसीच्या आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असतंय. मे महिन्यात वळीव आला, विजा कडाडल्या, लाइट आली-गेली, की दुसऱ्या दिवशी माझ्याकडं दोन-तीन पंखे येतातच. मोटर ठणठणीत, कार्ड मेलेलं. एका कंपनीचं कार्ड दुसऱ्याला बसत नाही. मागच्या वर्षी एका मावशींचा तीन वर्षांचा पंखा आला, त्या मॉडेलचं कार्ड कुठंच मिळेना. शेवटी भंगारात घातला. साध्या पंख्यात जळण्यासारखं काय, तर वायंडिंग आणि कपॅसिटर. दोन्ही इथंच, याच गल्लीत दुरुस्त होतंय.
ताई, करून घेणार असाल तर तांब्याचीच तार भरा म्हणून सांगा. स्वस्तात करणारे ॲल्युमिनियम भरतात, ते टिकत नाही.

राजारामपुरीतून
ज्यांचा पंखा जळला नाही, नुसता हळू फिरतोय, त्यांनी आधी कपॅसिटर बदला. बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, शंभराच्या आत काम होतं. आमच्या आईनं याच कारणानं नवा पंखा घेतला होता, फार वाईट वाटलं.

दुधाळीतून
मी वायंडिंगवाल्या दादांच्या बाजूची. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं. मिक्सर आणि टेबलफॅनची मोटर धुऊन, उन्हात वाळवून, वार्निश मारून पुन्हा चालू झाली, आजही चालू आहेत. कार्डवालं वॉशिंग मशीन मात्र गेलं ते गेलंच. घरात जितकी कार्डं कमी तितकं बरं, असं मी तेव्हापासून धरून चाललेय. विजेचे दीड हजार वाचतील, पण वस्तू आपल्या हातात राहत नाही.

रुईकर कॉलनीतून
वैनी, महापुराचं दुःख मी समजू शकतो, आमच्या मावशीचंही घर पाण्यात होतं. पण छताच्या पंख्याला तोच न्याय नको. आणि दादा, रिवाइंड केलेला पंखा विजेला जुन्याइतकाच भुकेला राहतो, ते मान्य करा. आणखी एक, १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालंय. त्यामुळं आताचा नवा साधा पंखाही ५० वॉटच्या आसपास येतो. नवा साधा की नवा बीएलडीसी असा प्रश्न असता तर फरक निम्म्याहून कमी झाला असता. इथं मात्र तुलना बावीस वर्षांच्या मोटरीशी आहे.

मंगळवार पेठेतून
काल रात्री मीटरसमोर बसले. आमच्या मीटरवर ३२०० छापलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रिजसकट सगळं बंद केलं आणि बेडरूममधला त्याच वयाचा पंखा फुल्ल लावला. मुलानं मोबाइलवर वेळ लावली. दर १४ सेकंदांनी दिवा, म्हणजे ८० वॉट. भावाकडंही तसंच मीटर आहे, त्याच्या बीएलडीसीला ३७ सेकंद लागले, म्हणजे ३० वॉटच. माझं मत इथं बदललं. सासरे दिवसभर हॉलमध्येच असतात, तिथला पंखा चौदा तास फिरतो, तिथं नवा लावते.
पण जळका भंगारात देणार नाही. तांब्याची तार भरून वरच्या खोलीत टांगणार. तिथं पाहुणे आले तरच पंखा लागतो. रोज एक तास धरला तरी आठ महिन्यांत १२ युनिटं, म्हणजे १२० रुपये. त्यासाठी २८०० घालणं मला आजही पटत नाही.

उद्यमनगरातून
घेऊन या ताई, तार तुमच्यासमोर भरतो. आणि नवा घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: कार्डाला किती वर्षं वॉरंटी, आणि बिघडलं तर बदलून कोल्हापुरात मिळणार की पुण्याला पाठवणार. उत्तर बिलावर लिहून घ्या. भिंतीवरचा जुना रेग्युलेटरही काढायला सांगा, बीएलडीसीला तो चालत नाही. तो तसाच ठेवून कार्डं घालवलेली माणसं मी बघितल्यात.