व्हँ जोनवरची 'साय'

उंबरठा: पूर्व फ्रान्समधल्या जुरा भागातल्या 'व्हँ जोन'वरचा (शब्दशः पिवळी वाइन) मजकूर मराठीत आणतेय, आणि दोन शब्दांवर अडलेय. सावान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षांची ही वाइन ओकच्या पिंपात किमान सहा वर्षं तीन महिने मुरते. त्या काळात पिंपातली वाइन थोडी थोडी उडून जाते, पण वरून भर घालत नाहीत. मोकळ्या जागेत वाइनच्या तोंडावर यीस्टचा पातळ थर धरतो. त्याला फ्रेंचमध्ये 'व्वाल' म्हणतात. मी 'बुरशी' लिहिलं होतं, पण वाचणारा बाटली ओतून देईल! दुसरा शब्द 'करी', चवीच्या वर्णनातला. 'रस्स्याचा स्वाद' काही बरा दिसेना.

ताकमेढी: बुरशी नकोच. लोणच्यावर धरते ती बुरशी, म्हणजे नासाडी. हा थर उलट वाइनला हवेपासून राखतो. 'तवंग' चालेल?

जिरेपूड: तवंग तेलाचा, कटाच्या आमटीवरचा. इथे तेलाचा थेंब नाही. 'पापुद्रा' म्हणाल तर तो कोरडा, खारीचा. मला 'साय' पटतं: आपोआप धरते, खालच्यावर पांघरूण घालते. 'सायीखाली मुरलेली वाइन' कानालाही बरं लागतं.

ताकमेढी: पण साय दुधाचीच ना?

उंबरठा: मूळ शब्दही उसनाच आहे. व्वाल म्हणजे चेहऱ्यावरचा झिरझिरीत पडदा. आपल्या आयांची वायलची पातळं आठवा, वायल म्हणजे हाच शब्द. पण 'पडदा' म्हटलं की खिडकी डोळ्यांपुढे येते. पहिल्या उल्लेखात 'यीस्टची साय', पुढे नुसती 'साय' असं करते.

जिरेपूड: आर्ब्वा हे गाव याच भागात, आणि यीस्टचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ लुई पाश्चर लहानाचा मोठा झाला तो तिथेच. जमलं तर तेही घ्या, यीस्टचं नाव निघालंच आहे.

मेथीकूट: करीचं उत्तर माझ्या नावातच आहे! या वाइनच्या वासात सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, तेच मेथीदाण्यात. घरात बाळंतीण मेथीचे लाडू खात असली की तिच्या घामाला येणारा वास त्याचाच. परदेशी नाकाला तो करी पावडरचा वाटतो, कारण तिच्यात मेथी असते. आपण सरळ 'मेथीचा वास' लिहावं, जोडीला अक्रोड.

उंबरठा: झकास! अक्रोड तर पानातही असतात, कोंते चीजबरोबर. ही वाइन फार गारही करत नाहीत, चौदा-पंधरा अंशांवर पितात. बाटलीही वेगळी: क्लाव्हलँ, बुटकी, 62 सेंटिलिटरची. लिटरभर वाइन एवढ्या वर्षांत आटून साधारण तेवढीच राहते, असा हिशेब सांगतात.

ताकमेढी: आणि कोंबडी?

उंबरठा: तीच खरी पंचाईत. व्हँ जोन घालून शिजवलेली कोंबडी, त्यात मोरिय अळंबी (काश्मीरकडची गुच्छी ती हीच) आणि भरपूर क्रीम. क्रीमलाही मी 'साय' लिहून बसलेय.

जिरेपूड: म्हणजे सायीखालची वाइन आणि सायीतली कोंबडी. कोंबडीत 'क्रीम'च ठेवा हो.