मदत हवी आहे: नवरा-बायकोसाठी समुपदेशक, परभणी किंवा संभाजीनगर, लवकर

पारिजात३४
परभणी किंवा संभाजीनगरला नवरा-बायकोचं समुपदेशन करणारं कुणी चांगलं माहीत असेल तर नाव व्यनि (खासगी निरोप) करा. या महिन्यातच सुरू करायचंय. फी किती असते, दोघांना एकदम बोलावतात का वेगवेगळं, किती वेळा जावं लागतं, एवढंच सांगा. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरचं काही नाही, म्हणून ते प्रश्न नकोत. लग्नाला ७ वर्षं, मुलगी ३ वर्षांची. आमच्यात भांडण होतच नाही. दिवाळीत मिस्टरांना म्हणलं आपण कुणाला तरी दाखवू, तर म्हणाले आपल्यात काय बिघडलंय? मला सांगताच आलं नाही.

रानवारा
ताई, डॉक्टरला पण आधी कुठं दुखतंय ते सांगावं लागतं. भांडण नाही, व्यसन नाही, मग अडलंय कुठं? नोकरी करता का? घरात कोण कोण? मिस्टर यायला तयार आहेत का नाहीत?

अण्णा_उदगीर
पोरी, बाहेरच्या माणसाला पैसे देऊन घरातलं कशाला सांगायलीस. दोन्हीकडची चार वडीलधारी बोलाव, बैठक बसव. माझ्या पुतणीचं असंच होतं, सहा महिने माहेरी. तिचे मामा, मी, जावयाचे चुलते बसलो. चहा झाला, ज्याचं चुकलं त्याला तोंडावर सुनावलं, संध्याकाळी पोरगी नांदायला गेली. आज दोन लेकरं आहेत.

सिस्टरताई
अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण बैठक मी माझ्या बहिणीची पाहिलेली आहे. ओसरीवर नऊ पुरुष आणि ती एकटी पदर सावरत चौकटीला टेकून उभी. शेवटी तिनंच "माझं चुकलं" म्हणायचं, कारण त्याशिवाय कुणी उठत नव्हतं. काय चुकलं ते आजवर तिला कुणी विचारलं नाही.
पारिजात, मी ग्रामीण रुग्णालयात आहे म्हणून विचारते. बाळंतपणानंतर झोप उडणं, कारण नसताना रडू येणं, कशातच जीव न रमणं असं काही झालं होतं का, अजून आहे का? बाळंतपणानंतरचं नैराश्य वेळेवर ओळखलं नाही तर लांबतं, आणि घरचे म्हणतात स्वभावच बदलला. तसं असेल तर आधी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर पण आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

अण्णा_उदगीर
सगळ्याच बैठका तशा नसतात ताई. आमच्याकडं बाईमाणसाला आधी बोलू देतात.

कोर्टकचेरी
फॅमिली कोर्ट कायदा १९८४ चा आहे. त्यात आधी समेटाचा प्रयत्न करणं कोर्टावर बंधनकारक आहे, त्यासाठी तिथं विवाह समुपदेशक असतात. परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायचा असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब, एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, नंतर सहा महिने थांबा, पण योग्य प्रकरणात ते सहा महिने माफ करता येतात असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलंय. पोटगीसाठी पगारपत्रक, बँक पासबुक...

रानवारा
वकीलसाहेब, घटस्फोट कुणी मागितलाय इथं?

कोर्टकचेरी
माहिती असलेली बरी. लोक फार उशिरा येतात आमच्याकडं, तोवर दोघं एकमेकाच्या तोंडाकडं बघत पण नसतात. त्या अवस्थेत समुपदेशकानं काय करावं? म्हणून ताई आत्ताच विचारायल्यात हे चांगलंच आहे, एवढंच म्हणतो. आणि महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, हे पण कुणाला माहीत नसतं.

पारिजात३४
मला नाव पाहिजे होतं, इथं पोटगीपर्यंत गेलं. सिस्टरताई, पहिल्या वर्षी झोप नव्हती, आता आहे. घरात मी, मुलगी, सासूबाई. मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. आणि दर रविवारी बोलवत असतील तर अवघड आहे, चाकणहून रात्रभर प्रवास करून येऊन परत सोमवारी फर्स्ट शिफ्ट जमणार नाही.

रानवारा
चाकण??? कोण चाकणला?

पारिजात३४
मिस्टर. ६ वर्षं झाली. लिहिलं नव्हतं का? आमच्या गल्लीत निम्म्या घरातले पुण्याकडंच आहेत म्हणून वेगळं सांगावं असं वाटलं नाही.
महिन्यातून एकदा येतात, कधी दोनदा. रोज रात्री साडेनऊला फोन असतो. परवा मुलगी झोपल्यावर मोबाईलची कॉल यादी बघत बसले. १ मिनिट ४०. १ मिनिट १२. २ मिनिटं ५. सगळा महिना असाच. जेवलीस का, आईनी गोळी घेतली का, हप्ता गेला का, पिल्लू झोपलं का, ठेवू का. ठेवू का हे ते विचारतात आणि मी लगेच हो म्हणते, कारण मला पण पुढं काय बोलावं कळत नाही. आले की मुलगी पहिला दिवस त्यांच्याजवळ जात नाही, दारामागं उभी राहून बघते, आणि जायला लागली की त्यांची निघायची वेळ होते. २०२३ च्या धोंड्याच्या महिन्यात आईकडं जेवायला गेलो तेव्हा सलग चार दिवस सोबत होतो, त्यानंतर तेवढे नाहीत. आता तुम्हीच सांगा काय बिघडलंय म्हणून सांगू त्यांना?

निशिगंध
हे जे आत्ता लिहिलं तेच सांगा. कॉल यादीसकट.

नांदेड_टू_पुणे
मी त्या बाजूचा माणूस आहे म्हणून लिहितो. भोसरीला ५ वर्षं होतो, एका खोलीत सहा जण, कॉट बेसिस, म्हणजे भाडं फक्त कॉटचं. बायको नायगावला. साडेनऊला फोन लावायचो तेव्हा एक जण टीव्ही बघायलाय, एक कांदा चिरायलाय, एक झोपलाय, त्यात "तुझी आठवण येते" कोण म्हणणार हो? म्हणून जेवलीस का. तिला वाटायचं ह्याला फक्त हप्त्याचं पडलंय. मला वाटायचं मी मरमर करतो आणि ही एका शब्दात उत्तर देते. दोघं मनात हिशोब ठेवत गेलो. शेवटी गावाकडं गेल्यावर मी पाहुण्यासारखा बसायचो, चहाचा कप पण तिच्याकडं मागायला संकोच वाटायचा.
आम्ही ऑनलाइन केलं. आठवड्यातून एकदा, तासभर, प्रत्येक वेळी १,२०० रुपये, एकूण ९ वेळा. पहिल्यांदा दोघं सोबत, मग दोघांशी एकेकट्यानं, मग परत सोबत. पहिला तास मी गप्पच होतो, वाटलं समुपदेशक बाई हिची बाजू घेणार. त्यांनी बाजू घेतली नाही. एक काम दिलं, आठवड्यातून दोन फोन असे करायचे की त्यात पैसा, लेकरं, दवाखाना यातलं काहीच बोलायचं नाही. पहिल्या फोनवर आम्ही दोघं ४ मिनिटं नुसते गप्प. पण फोन ठेवला नाही. मी खोलीतून उठून रस्त्यावरच्या पुलावर जाऊन बोलायला लागलो.

रानवारा
हा प्रतिसाद वाचून मी पण बायकोला फोन लावला. +१.

इगतपुरी_दहा_दिवस
दोघांनीही विपश्यना करावी. धम्मगिरीला दहा दिवसांचं शिबिर असतं, फी नाही. माझा राग शंभर टक्के गेला. समुपदेशनाची गरजच पडत नाही.

सिस्टरताई
दहा दिवस मौन पाळून? ह्यांची अडचणच बोलणं नाही ही आहे हो दादा. आणि तीन वर्षांचं लेकरू कुणाकडं ठेवायचं?

तूरडाळ
अवांतर: पुण्याहून जिंतूरला ट्रॅव्हल्सवाले दिवाळीला किती घेतात सध्या? आमच्याकडं दुप्पट केलेत, कुणी बोलत नाही यावर.

नांदेड_टू_पुणे
दुप्पट कसले, सणाला तिप्पट पण दिलेत. एसटीचं आरक्षण आधी करा.

निशिगंध
मी याच क्षेत्रात काम करते, नाव व्यनिनं दोन पाठवलीत, त्यातलं माझं नाही. इथं लिहिते कारण इतर पण वाचत असतील.
लोक घर मोडायला आल्यावर येतात आणि मग म्हणतात समुपदेशनाचा उपयोग झाला नाही. खरी वेळ पारिजातची आहे तीच. तेच तेच भांडण पुन्हा पुन्हा होतंय, किंवा भांडायचं पण दोघांनी सोडून दिलंय. लेकरू झाल्यावर, नोकरी गेल्यावर, घरात कुणी आजारी पडल्यावर, एकानं दुसऱ्याला न सांगता कर्ज काढल्यावर. गप्प बसण्याला आपल्याकडं समजूतदारपणा म्हणतात, त्यामुळं ते कुणाच्या लक्षातच येत नाही.
समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ वेगळे. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसच्या पुढं शिकलेले डॉक्टर असतात, औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (औषध न देता मनावर उपचार करणारे) असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का विचारा, त्यात वाईट वाटायचं कारण नाही. शिक्षण काय, जोडप्यांसोबत किती वर्षं काम केलं, हे पहिल्या फोनवर विचारायचं. जो पहिल्याच भेटीत "बाईनं जरा सोसावं" किंवा "सोडून द्या त्याला" म्हणतो त्याच्याकडं परत जाऊ नका.
आणि मारहाण असेल, धाक असेल, तर दोघांना एकत्र बसवायची घाई करू नये. बाई तिथं खरं बोलते आणि घरी जाऊन मार खाते. तिथं आधी १८१ ही महिला हेल्पलाइन, किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. पारिजातनं नाही म्हणून सांगितलंय, पण बैठकीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.
पारिजात, एक विचारते. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज केला होता का कधी?

पारिजात३४
नाही.

निशिगंध
मिस्टरांना माहीत आहे?

पारिजात३४
तेच तर आहे. मागच्या वेळी पोर्टल उघडलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं भरला का, मी म्हणलं भरते. भरला नाही. त्यांना शाळेतल्याच दुसऱ्या सरांकडून कळलं. त्यावर एक शब्द बोलले नाहीत. फोन दोन मिनिटांचा झाला तो तेव्हापासून, आता लिहिताना लक्षात येतंय.
सासूबाईंना दोन वर्षांपासून पार्किन्सनचा त्रास आहे. वाटी धरता येत नाही, मी भरवते. त्या हे घर सोडायला तयार नाहीत, म्हणतात मला इथूनच न्या. मी पुण्याला गेले तर त्यांना कोण बघणार? हे मिस्टरांना बोलले असते तर त्यांना वाटलं असतं मी आईचं ओझं दाखवते. म्हणून बोलले नाही. त्यांना वाटतंय मला त्यांच्याकडं यायचंच नाही.

सिस्टरताई
अगं बाई.

नांदेड_टू_पुणे
वहिनी, भाऊ म्हणून सांगतो, त्यांना काय वाटलं असेल ते मला माहीत आहे. खोलीवर पडून हेच एक घोळवत असतील. वर लिहिलेला हा मजकूर जसाच्या तसा त्यांना पाठवा.

अण्णा_उदगीर
आता मी एक बोलू का. म्हातारीचं कोण बघणार हे त्या ऑनलाइनच्या बाईला सुटणार नाही. मिस्टरांना भाऊ-बहीण आहेत का? असतील तर दोन-दोन महिने वाटून घ्यायला सांगा. हे घरातल्या माणसांनी बसूनच ठरतं. मी कुणाला मान खाली घालायला लावा म्हणत नाही.

निशिगंध
हे अण्णांचं बरोबर आहे. पण आधी ह्या दोघांचं एकमेकाशी बोलून होऊ द्या, मग घरच्यांना बसवा. उलटं झालं तर बैठकीत दोघं दोन बाजूंना बसतील.

अण्णा_उदगीर
मान्य.

गुरुजी_हिंगोली
अवांतर: बदलीच्या पुढच्या टप्प्याचं वेळापत्रक आलं का कुणाकडं? बिंदुनामावलीचा (आरक्षणाच्या जागांच्या यादीचा) घोळ मिटल्याशिवाय आमच्या जिल्ह्यातून कुणाला सोडत नाहीत म्हणे.

तूरडाळ
त्यासाठी वेगळा धागा काढा गुरुजी.

पारिजात३४
सगळ्यांचे आभार. निशिगंध ताईंनी दिलेल्या दुसऱ्या नावाशी बोलणं झालं, त्या ऑनलाइन घेतात, रविवारी रात्री ८. मिस्टरांना तो मजकूर पाठवला. निळ्या खुणा आल्या, दिवसभर उत्तर नाही. रात्री साडेनऊला फोन आला, आई काय खाते, किती वेळ लागतो भरवायला, रात्री कितीदा उठतेस, असं विचारत होते. नणंद परभणीलाच आहे, तिच्याशी मी बोलतो म्हणाले. रविवारचं म्हणलं तर हो म्हणाले, फक्त गावात कुणाला कळू नये.
आता अडचण अशी की घर दोन खोल्यांचं, मधे नुसता पडदा, सासूबाईंना सगळं ऐकू जातं. रेंज गच्चीवरच येते आणि शेजारच्यांची गच्ची लागूनच. बसू कुठं?

सिस्टरताई
मैत्रीण नाही का कुणी गावात? तासभर खोली मागायची. कारण सांगू नका, शाळेचं ऑनलाइन ट्रेनिंग आहे म्हणा.

नांदेड_टू_पुणे
हेडफोन लावा, म्हणजे निदान त्यांचं बोलणं बाहेर जात नाही. मिस्टरांना खोलीवर बसू देऊ नका, बाकीचे असतात. कंपनीच्या बाहेर कुठं तरी निवांत जागा बघायला सांगा. मोबाईल चार्ज करून ठेवा दोघांनी, आमचा पहिल्याच दिवशी मधेच बंद पडला होता.

पारिजात३४
शाळेतल्या मॅडम म्हणाल्या त्यांच्या वरच्या खोलीत बस. पिल्लूला पण त्याच बघणार आहेत. सासूबाईंचं जेवण साडेसातला उरकते. मिस्टरांना लिंक पाठवली आत्ता.