मदत हवी आहे: इंजिनीअरिंग ग्राफिक्सची शीट तपासताना गुण नेमके कशाचे द्यावेत?

नमस्कार. मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका सीबीएसई शाळेत अकरावीला इंजिनीअरिंग ग्राफिक्स शिकवते. या विषयाला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुण असतात. अकरावीची परीक्षा शाळाच घेत असल्यामुळे प्रश्न काढणे आणि गुणांची फोड ठरवणे ही दोन्ही कामे आमच्याकडेच येतात. वस्तू मनात फिरवून तिची दृश्ये कागदावर मांडता येतात की नाही, हे खरे तर तपासायचे असते. परंतु आमच्याकडे चालत आलेल्या फोडीत रेषा, अक्षरलेखन आणि नीटनेटकेपणा यांनाच इतके गुण आहेत की समज कमी आणि हात चांगला असलेले मूल सहज पुढे निघून जाते.

गेल्या चाचणीतील उदाहरण देते. समोरून इंग्रजी एल आकाराचा दिसणारा ठोकळा होता, आडव्या भागात उभे आरपार भोक आणि तळाला डावीकडून उजवीकडे गेलेली खाच. फर्स्ट अँगल पद्धतीने, म्हणजे वरचे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली मांडून, समोरचे, वरचे आणि बाजूचे अशी तीन दृश्ये काढायची होती. एका विद्यार्थ्याची शीट फळ्यावर लावावी इतकी देखणी होती: बाह्यरेषा ठसठशीत, प्रोजेक्शनच्या रेषा अगदी फिकट, अंक एका उंचीचे. मात्र बाजूच्या दृश्यात बरोबर दाखवलेल्या खाचेची तुटक रेषा (झाकलेली कड दाखवणारी) त्याने ना समोरच्या दृश्यात काढली होती, ना वरच्या. दुसऱ्या मुलीच्या तिन्ही दृश्यांत एकही रेषा चुकलेली नव्हती, पण शीट काळवंडलेली होती. जुलैमध्ये आपल्याकडे कागद इतका सादळतो की पेन्सिल नीट उमटत नाही आणि खोडायला जावे तर पापुद्रा निघतो. त्यात वर्गात एसी असलेली मुले आणि नसलेली मुले हा भेद आहेच. प्रचलित फोडीनुसार पहिल्याला जास्त गुण मिळाले, आणि हे मला पटत नाही.

दुसरा प्रश्न एकाच चुकीच्या पुनरावृत्तीचा आहे. समोरच्या दृश्यात एक उंची चुकली की ती बाजूच्या दृश्यातही चुकते. अशा वेळी गुण एकदा कापावेत की दोनदा? तिसरा प्रश्न जीटीचा, म्हणजे दुसऱ्याची शीट खाली ठेवून उतरवण्याचा. घरी करायच्या शीट काचेवर ठेवून, खालून दिवा लावून सर्रास उतरवल्या जातात आणि गुण मात्र त्यांनाही द्यावे लागतात. जाणकारांनी अनुभवावरून मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

मॅडम, मी तांत्रिक विद्यालयात बरीच वर्षे यंत्रचित्र शिकवून निवृत्त झालो आहे. माझ्या मते एकाच शीटवर दोन्ही गोष्टी तोलण्याचा हट्ट सोडावा. समज तपासायची असेल तर टी-स्क्वेअर बाजूला ठेवून आलेखाच्या कागदावर हाताने आकृती काढून घ्या: दोन दृश्ये द्या आणि तिसरे मागा. हा प्रश्न पंधरा-वीस मिनिटांत होतो, आणि तुमच्या खाचेसारखी तुटक रेषा कोणाच्या ध्यानात आली हे तिथे लपत नाही. नीटनेटकेपणाचे गुण घरच्या शीटला ठेवा, पण ते मोजता येतील असे ठेवा. एसपी ४६ या भारतीय मानक ब्युरोच्या अभियांत्रिकी रेखांकनाच्या पुस्तिकेत जाड आणि बारीक रेषेचे प्रमाण किमान दोनास एक सांगितले आहे. रेषांचा प्रकार, मापांची मांडणी आणि अक्षरांची उंची एवढेच पाहावे. सादळलेल्या कागदाचा डाग हा मुलाचा दोष नव्हे, त्याचे गुण कापू नयेत.

पुढे वाहत गेलेली चूक एकदाच कापावी, मात्र दृश्ये एकमेकांशी जुळत असली पाहिजेत. बाजूच्या दृश्यात खाच आणि समोर काहीच नाही, ही वाहत गेलेली चूक नाही. तिथे दृश्यांचा संबंधच लक्षात आलेला नाही, आणि ती कडक तपासावी. त्याच न्यायाने सगळी दृश्ये शिस्तीने थर्ड अँगलमध्ये (वरचे दृश्य समोरच्या दृश्याच्या वर) मांडणाऱ्याचे मी मांडणीचे गुण तेवढे कापत असे. वरचे दृश्य एका पद्धतीने आणि बाजूचे दुसऱ्या पद्धतीने मांडणाऱ्याचे अधिक.

जीटीवर उपाय सोपा आहे. ठोकळा तोच ठेवा, पण कोणत्या बाजूने पाहायचे तो बाण प्रत्येक रांगेला वेगळा द्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर, मनापासून आभार. बाणाची युक्ती पुढच्या चाचणीत वापरते. एक शंका राहिली: आयसोमेट्रिक प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे वस्तूच्या तिन्ही बाजू एकाच आकृतीत दाखवताना, काही मुले लांबी कमी करून देणारी आयसोमेट्रिक स्केल न काढता खऱ्या लांबीनेच आकृती काढतात. आकार निर्दोष असतो, फक्त आकृती मोठी होते. आमच्या फोडीत अशा उत्तराला शून्य आहे.

प्रतिसाद

शून्य अन्यायाचे होईल. त्या स्केलवर लांबी सुमारे ०.८२ पट होते, म्हणजे ही आकृती साधारण २२ टक्के मोठी आली, एवढाच फरक. अक्ष, कोन आणि वस्तूची ठेवण तीच राहते. प्रश्नात प्रोजेक्शन मागितले असल्यास स्केलला वेगळे गुण ठेवा आणि तेवढेच कापा. स्केल काढून ठेवलेले आणि आकृतीत वापरलेले नाही, असेही पुष्कळ आढळते. म्हणून तपासताना कंपासपेटीतला डिव्हायडर हाताशी ठेवून निदान एक कड मोजून पाहा.